सेवेची अट



पत्रिकेवर आजचा विषय 'परमुलखातील मिशनकार्य : श्रद्धा आणि सेवा' असा छापला आहे. विषय जगाएवढा आहे, पण मी तो एकाच मुलखापुरता मांडणार आहे. परमुलखातून आलेली ख्रिस्ती माणसं जिथे राहिली, शिकली, चुकली आणि बहुतेकदा जिथेच पुरली गेली तो हा आपला मुलूख, गोव्यासह. 'मिशनरी' हा शब्द उच्चारला की आपल्याकडे दोन चित्रं ठरलेली असतात. एका चित्रात शाळा, दवाखाना, दुष्काळातलं धान्य हे सगळं आमिष असतं आणि खरा हेतू धर्मांतराचा असतो. दुसऱ्या चित्रात मिशनरी हा घरदार सोडून आलेला देवमाणूस असतो. त्याचं समाजकार्य डोक्यावर घ्यायचं आणि त्याच्या धर्माचा विषय निघाला की सौजन्याने दुसरीकडे पाहायचं. ही चित्रं एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण त्यांची चूक एकच आहे. पहिल्यात सेवा खोटी ठरते, दुसऱ्यात श्रद्धा अडचणीची ठरते. दोन्हींत ती माणसं अर्धीच उरतात. ज्या श्रद्धेने त्यांना सहा-सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासाला लावलं, ती वजा करून त्यांच्या शाळा समजणार कशा? आणि त्या शाळा वजा करून त्यांची श्रद्धा तरी काय होती हे कळणार कसं? म्हणून मी वेगळा प्रश्न विचारतो. श्रद्धेतून निघालेल्या या सेवेला अट होती का? होती तर कोणती, आणि ती कुणी काढून टाकली? माझं म्हणणं असं आहे की अट जितकी गळाली तितकी सेवा खरी होत गेली. यात वाद घालण्यासारखं फारसं नाही. पण त्याच वेळी श्रद्धाही तितकीच खरी होत गेली, असं मी पुढे म्हणतो, आणि आज मला जे सिद्ध करायचं आहे ते हे.

सुरुवात एका पत्रापासून करू. 1878 साली कोल्हापुरात पोस्टखात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. पत्नी आनंदीबाई यांना अमेरिकेत शिकवायचं आहे, त्यासाठी मदत मिळेल का, अशी विचारणा त्या पत्रात होती. वाइल्डर कोल्हापूरला परके नव्हते. तिथल्या मिशनचं काम त्यांनीच 1852 मध्ये सुरू केलं होतं आणि आयुष्याची उमेदीची वर्षं त्यांनी त्या शहराला दिली होती. आता ते अमेरिकेत होते आणि मिशनविषयक मासिक चालवत होते. जोशी पतिपत्नी ख्रिस्ती होणार असतील तर मदतीचा विचार होऊ शकेल, असं त्यांच्या उत्तराचं तात्पर्य होतं. जोशींनी ते मान्य केलं नाही. वाइल्डरनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला आणि प्रकरण तिथेच संपायला हवं होतं. पण 1880 मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आपण होऊन पत्र पाठवलं आणि मदत देऊ केली. अट काही घातली नाही. पुढे 1883 मध्ये निघण्यापूर्वी आनंदीबाईंनी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात सांगितलं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. कार्पेंटरबाईंनी त्याच आनंदीबाईंना आपल्या घरात ठेवून घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत.

हा प्रसंग बऱ्याच जणांना ठाऊक आहे, आणि सांगणारे तो बहुधा असा सांगतात की धर्मवाला हरला, माणुसकी जिंकली. मला हे मान्य नाही. वाइल्डरना खलनायक करून काहीच हाती लागत नाही. ते प्रामाणिक होते; छापलेला पत्रव्यवहार हाच त्याचा पुरावा, कारण आपली अट त्यांनी लपवली नाही. ज्या गोष्टीला ते जगातली सर्वांत मोलाची गोष्ट मानत होते ती आधी घ्या, मग बाकीचं देऊ, असा त्यांचा विचार होता. प्रश्न त्यांच्या हेतूचा नाहीच. त्यांचा ज्या धर्मावर विश्वास होता, तो धर्म या अटीविषयी काय सांगतो हा प्रश्न आहे. तिथे माझं उत्तर स्पष्ट आहे: अट घालणाऱ्या वाइल्डरपेक्षा अट न घालणाऱ्या कार्पेंटरबाई त्यांच्या शुभवर्तमानाच्या अधिक जवळ होत्या.

हे मी बाहेरून लादत नाही. शुभवर्तमानातल्या दोन गोष्टी आठवा. एका गावाबाहेर दहा कुष्ठरोगी भेटतात, दहाही बरे होतात, आभार मानायला एकटाच परत येतो, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. उरलेल्या नऊ जणांचं काय झालं, असं येशू विचारतो. त्या प्रश्नात खंत आहे. पण त्या नऊ जणांची त्वचा पुन्हा किडली असं त्या गोष्टीत कुठेही नाही. बरेपणा परत घेतला गेला नाही. दुसरी गोष्ट शेवटच्या भोजनाची. येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. त्या पंगतीत यहूदाही बसलेला आहे आणि तो काय करणार हे पाय धुणाऱ्याला ठाऊक आहे. त्याचे पाय वगळले गेले नाहीत. आता मला सांगा, ज्या गुरूने दगा देणाऱ्याचे पाय धुतले त्याच्या नावाने निघालेल्या शाळेत प्रवेशाची अट कोणती असू शकते? ख्रिस्ती सेवेची कल्पनाच अशी आहे की माणूस आधी ऋणी होतो. आपल्याला न मागता, लायकी नसताना प्रेम मिळालं, त्याचं उतराई व्हायला तो निघतो. जो स्वतः ऋण फेडायला निघाला आहे, तो वाटेत भेटलेल्याकडून वसुली कशी करील? अट म्हणजे वसुली. म्हणून अट ही श्रद्धेची खूण नाही. आपण ऋणी आहोत याचा विसर पडल्याची ती खूण आहे.

आता इतिहासाकडे वळू, कारण तत्त्व सांगणं सोपं असतं. आपल्या मुलखात अट सर्वांत उघडी झाली ती गोव्यात, आणि तिथे ती सत्तेच्या हातात होती. देवळं पाडली गेली, जुन्या पोथ्यांवर बंदी आली, 1560 पासून धर्मन्यायालय बसलं. 1583 मध्ये साष्टीतल्या कुंकळ्ळी गावात लोकांनी पाच जेझुइट मारले. नंतर गावच्या गावकऱ्यांना बोलणीसाठी बोलावून पोर्तुगीजांनी ठार केलं. याच साष्टीत 1579 मध्ये गोव्याला आलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पुढे मरेपर्यंत राहिला. 1616 मध्ये त्याचं क्रिस्तपुराण रायतूर इथे रोमन लिपीत छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि त्यात आपल्या भाषेचा केलेला मनापासूनचा गौरव! त्या ग्रंथात एक जागा आहे, तिच्यापाशी मला थांबावंसं वाटतं. आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग वाचायला आम्हाला दुसरं काही का देत नाही, असं नवख्रिस्ती लोक पाद्रीला विचारतात. ज्या राज्याने ती उणीव निर्माण केली त्याच्याच छत्राखाली बसून स्टीफन्स ती भरून काढत होता. हा पेच त्याच्या ग्रंथातून पुसता येत नाही. तरीही तो त्या लोकांची भाषा शिकला, त्यांचा छंद शिकला, ओवीच्या घरात पाहुण्यासारखा नम्रपणे शिरला. परक्या माणसाची पहिली सेवा हीच असते: समोरच्याचा विद्यार्थी होणं. आणि सत्तेला नेमकं हेच सोसलं नाही. 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने हुकूम काढून स्थानिक भाषेचा वापर सोडून पोर्तुगीज बोलण्याची सक्ती केली. स्टीफन्सने ज्या भाषेला पूजेच्या पात्रासारखं हाताळलं तिला त्याच्याच धर्माच्या राज्याने दाराबाहेर काढलं. धर्म आणि सत्ता एका ताटात जेवायला बसल्या की पहिला घास सेवेचा जातो.

अमेरिकन मराठी मिशनची गोष्ट वेगळी, कारण तिथे सुरुवातीला सत्ता विरुद्ध होती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला ते नकोसे होते, परत जाण्याचे हुकूम निघाले होते. मिशनरी म्हणजे कंपनी सरकारने पाठवलेली माणसं असं मानणाऱ्यांनी एवढी गोष्ट लक्षात ठेवावी. हॉल तेरा वर्षं इथे राहिला, मराठी शिकला, शाळा उघडल्या. 1826 मध्ये नाशिककडे पटकीची साथ होती. तिथल्या रोग्यांना औषध वाटून परतताना त्याच रोगाने वाटेत त्याचा मृत्यू झाला. तोवर झालेले ख्रिस्ती बोटांवर मोजण्याइतके होते. जमाखर्चाच्या वहीने पाहिलं तर हे आयुष्य वाया गेलं. पण त्या मिशनने मुंबईत छापखाना घातला होता. बायबल आणि धर्माच्या पुस्तिका छापण्यासाठी घातलेल्या त्या छापखान्यात मराठी अक्षर घडवण्याची विद्या इथल्या हातांत उतरली. गणपत कृष्णाजींनी तिथलं काम पाहून आपला छापखाना काढला आणि पंचांग छापलं. जावजी दादाजी लहानपणी त्याच छापखान्यात कामाला होते. पुढे त्यांनी निर्णयसागर उभा केला आणि संस्कृत ग्रंथांच्या देखण्या आवृत्त्या घरोघर पोचवल्या. मिशनच्या मूळ हेतूच्या दृष्टीने हे अपयश म्हणायचं का? देणाऱ्याच्या हातून सुटलेली आणि घेणाऱ्याने आपल्या मनासारखी वापरलेली, अशी ही सेवा आहे. दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचा ताबा उरला नाही, म्हणूनच ते देणं पूर्ण झालं.

सिंथिया फरार यांचं उदाहरण याहून ठळक आहे. परदेशी मिशनवर पाठवलेल्या पहिल्या अविवाहित अमेरिकन स्त्रियांमध्ये त्यांचं नाव येतं. 1827 मध्ये त्या मुंबईला आल्या, पुढे अहमदनगरला गेल्या आणि 1862 मध्ये तिथेच वारल्या. चौतीस वर्षं मुलींच्या शाळा, एवढंच त्यांचं चरित्र. जोतीराव फुले मित्राबरोबर अहमदनगरला गेले असताना त्यांनी फरारबाईंची शाळा पाहिली आणि 1848 मध्ये पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा उघडली. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांचे स्नेही बाबा पदमनजी ख्रिस्ती झाले, जोतीराव झाले नाहीत. त्यांनी पुढे सत्यशोधक समाज काढला, ईश्वराला निर्मिक म्हटलं आणि आपली वाट आपण पाडली. जोतीरावांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी. महार-मांगांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 1855 मध्ये ज्ञानोदयात छापून आला. ज्ञानोदय हे अमेरिकन मिशनचं पत्र. निबंध ख्रिस्ती झालेल्या मुलीचा नव्हता, तरी त्याला जागा मिळाली. मराठीत दलित स्त्रीचा आवाज छापून उमटला तो या पानांवर. मिशनच्या वार्षिक अहवालात अशा गोष्टी कोणत्या रकान्यात मांडल्या जातील?

इथे श्रद्धावंतांकडून एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळणं अन्यायाचं होईल. ते म्हणतील, आमच्यापाशी जे सर्वांत मोलाचं आहे ते सांगायचंच नाही, नुसती औषधं द्यायची, अक्षरं शिकवायची, हा अप्रामाणिकपणा नाही का? गांधीजींनी मिशनऱ्यांना वारंवार सुचवलं होतं की सेवा करा, धर्मांतराचा हेतू सोडा; पण तसं केलं तर श्रद्धा उरली कुठे? या आक्षेपात तथ्य आहे. ज्याची श्रद्धा आहे त्याने ती बोलून दाखवू नये असं मी म्हणणार नाही. कीर्तनकार बोलतो, वारकरी बोलतो, नास्तिकही बोलतो. मिशनऱ्यानेच का गप्प बसावं? सांगणं ही अट नव्हे. अट कुठे सुरू होते ते ओळखायची माझी कसोटी साधी आहे: 'नाही' म्हणणाऱ्याची जागा शाबूत राहते का? बाकावरची जागा, दवाखान्यातली खाट, पंगतीतलं पान हे सगळं 'नाही' म्हटल्यावरही त्याचंच राहिलं, तर सांगणारा मोकळेपणाने सांगो. जिथे 'नाही' म्हणणं महाग पडतं तिथे सांगण्याला दडपणाचा वास येतो, मग सांगणारा कितीही सौम्य बोलो. मिशनच्या दवाखान्यांत औषधाआधी प्रवचन होत असे. औषधाची वाट पाहत बसलेला रोगी उठून जाऊ शकत नाही. त्याच्यापुढे केलेलं प्रवचन मला उणं वाटतं, ते कितीही कळकळीचं असो.

ही कसोटी शाळांना लावली की काही जखमा दिसतात. 1839 मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या संस्थेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. कोर्टकचेरी झाली, पालकांनी मुलं धडाधड काढून घेतली. 1843 मध्ये मिशनऱ्यांकडे राहायला गेलेल्या श्रीपत शेषाद्री या लहान ब्राह्मण मुलाचं प्रकरण झालं. कोर्टाने तो बापाच्या ताब्यात दिला, तर जातीने त्याला आत घ्यायला नकार दिला. त्याच्या बाजूने उभे राहण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. पारशी तरुण वयाने जाणते होते, त्यांची निवड त्यांची होती. तिचा आदर केलाच पाहिजे. पण श्रीपत पोर होता. एका बाजूला त्याचा आत्मा वाचवायचा होता, दुसऱ्या बाजूला जातीचं शुद्धत्व, आणि मधल्या मधे त्या पोराला विचारणारं कुणी नव्हतं. अजाण मुलाच्या 'हो'ला किंमत नसते, कारण त्याच्या 'नाही'ला किंमत नसते. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मिशनच्या अनाथालयांत जी मुलं आली त्यांच्या बाबतीत हाच प्रश्न शतपटीने उभा राहतो. त्यांना जगवणं ही मोठी गोष्ट होती, आणि टीका करणाऱ्यांपैकी बहुतेकांची दारं त्या मुलांना बंदच होती हेही खरं आहे. तरीही आश्रयाला आलेल्या अनाथाचा धर्म ठरवताना हात कापायला हवा होता. तो कितीदा कापला?

उलट बाजूने दुसरा आक्षेप येतो आणि मला तो अधिक वजनदार वाटतो. अहमदनगर, जालना, सोलापूर या भागांतल्या महार-मांग कुटुंबांचे वंशज विचारतील, आमच्या पूर्वजांनी ख्रिस्त पत्करला तो काय पोटासाठी? धर्मांतराला आमिष म्हणणारा माणूस बहुतेकदा अशा घरातला असतो, ज्याला विहिरीवर कुणी कधी अडवलं नाही. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. 'आमिष' हा शब्द देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याचा अपमान करतो. घेणाऱ्याला बुद्धी नाही, निवड नाही, असं तो गृहीत धरतो. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला कुणी तरी बाकावर बसवतो, त्याच्या हातचं पाणी पितो. यात त्याला देव दिसला तर ती सौदेबाजी कशी? पण याच मुद्द्याने माझं म्हणणं पक्कं होतं. त्या माणसाचा होकार स्वतःचा होता हे सिद्ध व्हायला त्याच्या शेजारी 'नाही' म्हणणारा कुणी तरी त्याच बाकावर बसलेला असावा लागतो. अट नसली की धर्मांतर करणाऱ्याची प्रतिष्ठाही राखली जाते. आणि विहिरीवर अडवणारा समाज 'नाही'ची जागा स्वतः कधी ठेवत होता, हा प्रश्न आपण सगळ्यांनी आपल्याला विचारायचा आहे. मिशनऱ्यांना विचारून तो सुटणार नाही.

पैशाचा आक्षेप मी थोडक्यात घेतो. परदेशी पैसा आला की सेवा मोकळी राहत नाही, असं 1956 मध्ये नागपूरला न्यायमूर्ती नियोगी समितीने आपल्या अहवालात आग्रहाने मांडलं. पैशाला कल असतो हे खरंच. पण ते सगळ्याच पैशाला लागू आहे, देशी देणगीलाही आणि सरकारी अनुदानालाही. कसोटी पुन्हा तीच.

आता मी त्या अटीकडे येतो जी कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती प्रेमाच्या भाषेत बोलते. धर्मांतराची अट निदान दिसते. दुसरी अट अशी असते: तुम्ही आमच्यात आलात, आनंद आहे, आता आम्ही सांगू तसे राहा. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या जोगिणींच्या मठात राहिल्या, तिथेच त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा झाला म्हणजे मिशनच्या हिशेबाने सगळं साधलं होतं, आणि खरा झगडा नेमका तिथून सुरू झाला. मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाई यांच्यातला पत्रव्यवहार वाचताना मन हलतं. जेराल्डिनबाईंची माया खोटी नव्हती. पण रमाबाईंनी काय मानावं, काय खावं, पुरुषांना शिकवावं की नाही, हे बिशपांनी आणि मठाने ठरवायचं होतं. रमाबाईंनी विचारलं की क्रुसावरची अक्षरं लॅटिनच का, संस्कृत का नकोत? एवढ्या साध्या प्रश्नात परमुलखातल्या मिशनकार्याची सगळी परीक्षा आहे. ख्रिस्त दिला, पण ख्रिस्तावरचा हक्क दिला नाही, तर काय दिलं? रमाबाईंनी ख्रिस्त सोडला नाही आणि मठाची हुकमतही पत्करली नाही. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडताना त्या धर्मशिक्षणाची सक्ती करणार नव्हत्या. 1893 मध्ये मुली त्यांच्या प्रार्थनेला येऊन बसतात म्हणून वादळ उठलं आणि रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं. वादाचा निवाडा मी इथे करत नाही, पण एक साक्ष नोंदवतो. त्या सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ती तिथे शिकली, हिंदूच राहिली आणि 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. तीन वर्षांनी कर्व्यांच्या विधवाश्रमाची सुरुवात झाली. 'नाही' म्हणणारीची जागा त्या घरात शाबूत होती.

नारायण वामन टिळकांनी हीच गोष्ट आतून केली. 1895 मध्ये ते ख्रिस्ती झाले, अहमदनगरच्या मिशनमध्ये पगारावर राहिले, तुकोबांच्या वाटेने मी ख्रिस्तापाशी आलो असं सांगत राहिले. डॉ. ह्यूम यांच्यासारखे त्यांचे मिशनरी स्नेही मनाने थोर होते. तरी पगार देणारा आणि पगार घेणारा यांच्यात बंधुभाव किती टिकतो? 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना एकत्र बसायची मुभा होती. दोन वर्षांत ते गेले, दरबार विस्कटला. पण अट काढली म्हणून टिळकांची ख्रिस्तनिष्ठा कमी झाली असं म्हणण्याची कुणाची छाती आहे?

शेवटचा आक्षेप आजच्या काळातला आहे. अट नको, ताबा नको, मग श्रद्धा तरी कशाला? डॉक्टर डॉक्टरकी करील, मास्तर शिकवील. करतातही, आणि त्यांच्या कामाला मी तसूभर कमी लेखत नाही. मी एवढंच विचारतो की चौतीस वर्षं, फळ दिसत नसताना, परक्या भाषेत, फरारबाई कशाच्या बळावर टिकल्या? विल्यम वानलेस हा कॅनेडियन डॉक्टर 1889 मध्ये आला, 1894 मध्ये त्याने मिरजेला इस्पितळ उघडलं आणि तीनच वर्षांत इथल्या तरुणांना वैद्यक शिकवायला सुरुवात केली. आपल्या हातची विद्या दुसऱ्याच्या हातात देऊन टाकायची त्याला एवढी घाई होती. ज्याला फळाची हमी हवी असते त्याला अट घालावी लागते. ज्याची श्रद्धा पक्की असते त्याला फळ आपल्या डोळ्यांनी पाहण्याची गरज उरत नाही. अट हे अविश्वासाचं लक्षण आहे, असं मी म्हणतो ते म्हणूनच. आपण पेरलेलं देव वाढवील यावर भरवसा नसला की माणूस रोपटं उपटून मुळं तपासत बसतो. जस्टिन अॅबट मुंबईत वर्षानुवर्षं मिशनकार्य करून अमेरिकेला परतले आणि म्हातारपणी महिपतीची संतचरित्रं, एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई इंग्रजीत उतरवत बसले. शिकवायला आलेला माणूस शेवटी शिकून गेला, आणि जे शिकला ते आपल्या लोकांना देत राहिला. त्यांची श्रद्धा त्यामुळे पातळ झाली, असं मला त्या ग्रंथांत कुठे दिसत नाही.

आज आपल्यातलीही माणसं सेवेसाठी दूरदूर जातात. ख्रिस्ती जातात, हिंदू जातात, कुठलाच धर्म न मानणारेही जातात. आदिवासी पाड्यांवर जातात, परदेशांत जातात. त्यांना माझी विनंती एवढीच आहे की निघण्याआधी आपल्या सेवेच्या अटी एका कागदावर लिहून काढा. मनात असलेल्या, न बोललेल्या, प्रेमाच्या रूपात लपलेल्याही.

आनंदीबाई 1886 मध्ये डॉक्टर होऊन परतल्या. ज्या कोल्हापुरातून ते पत्र गेलं होतं तिथल्याच आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात त्यांची नेमणूक झाली होती, पण 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेला कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या घरच्या माणसांच्या शेजारी त्या ठेवल्या आहेत. वर आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे.